समई परत आली, वातीसकट

गेल्या वर्षी गौरी-गणपती उरकले आणि चार-पाच दिवसांनी आमच्याकडे एक रिटर्न आला, म्हणजे आम्ही ऑनलाइन विकलेलं भांडं कस्टमरने परत पाठवलं. चौदा इंची पितळी समई. कारणाच्या रकान्यात कस्टमरने निवडलं होतं 'रिसीव्ह्ड डॅमेज्ड', म्हणजे हातात पडली तेव्हाच खराब होती. बॉक्स उघडला तर आधी तेलाचा वास आला. वाटीत तेल वाळून चिकट झालेलं, एका कोपऱ्यात अर्धी जळलेली कापसाची वात तशीच, बैठकीवर हळद-कुंकू, आणि दांडीच्या आट्यांत दोन अक्षता अडकलेल्या. कळस म्हणजे तक्रारीसोबत जो फोटो जोडला होता ना, त्यात बाईंनी बैठकीवरचा पोचा बोटाने दाखवलाय आणि मागे गौरींची आरास, फराळाची ताटं, आणि समई चक्क पेटलेली. खराब आली म्हणे.

मी भडकले, ज्या वेबसाइटवरून विकतो तिच्याकडे भरपाईचा क्लेम टाकला, दोन दिवसांत रिजेक्ट झाला. कारण मी बॉक्स उघडताना व्हिडिओ काढला नव्हता, नुसते फोटो होते, आणि फोटो तर कोणीही नंतर काढू शकतं असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाहीये म्हणा, पण त्या दिवशी हे पटवून घ्यायच्या मूडमध्ये मी नव्हते. अण्णा म्हणजे माझे सासरे, ते मात्र ती वात बोटाने उचलून हसले. म्हणाले, "अगं, गौरीपुढे लागली ना, मग थोडं पुण्य आपल्यालाही लागलं." मी म्हटलं अण्णा, पुण्य विक्रीच्या पैशांच्या सेटलमेंटमध्ये येत नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. अण्णांचं पुण्यात रविवार पेठेत भांड्यांचं छोटं दुकान होतं, तांबं-पितळ जास्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर बंद, माल पडून, तेव्हा मी आणि नवऱ्याने मिळून एका मार्केटप्लेसवर अकाउंट उघडलं, मग दुसऱ्यावर. आता दुकान भाड्याने दिलंय आणि धंदा आमच्या हॉलमध्ये चालतो, सोफ्याच्या मागे बॉक्स, डायनिंग टेबलवर टेप आणि लेबल प्रिंटर, जेवायला आम्ही खाली बसतो. समया, घंटा, तांब्या-भांडं, कळश्या, आणि कसब्यातल्या तांबट आळीतून येणारी मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीचे ठोके उमटवलेली, तांब्याची भांडी.

पहिलं वर्षभर प्रत्येक रिटर्न मला अंगाला लागायचा. दुकानात असं नव्हतं हो. दुकानात गिऱ्हाईक भांडं वाजवून घेतं, उलटं करून बुड बघतं, कडेवरून बोट फिरवतं, शेजारच्या दुकानात जाऊन येतं, परत येऊन पुन्हा वाजवतं, आणि मग नको म्हणून निघून जातं. अण्णांना त्याचा कधी राग आला नाही. तेच एकदा म्हणाले की तुमच्या त्या ऑनलाइनवाल्याने वाजवायचं कधी, तो घरी नेऊनच वाजवणार. बरोबर आहे, फक्त दुकानातलं वाजवणं फुकट होतं आणि हे वाजवणं आम्हाला महागात पडतं. ती समई १,७४९ ला जाते. खरेदी, कमिशन, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, कुरियर, पॅकिंग सगळं वजा केलं की हातात शंभर-सव्वाशे उरतात. परत आली की जायचं कुरियर १२०, यायचं १५०, पॅकिंगचे ५० पाण्यात, झाले ३२०. म्हणजे एका रिटर्नमध्ये तीन समयांची कमाई गेली, आणि ती परत विकण्यासारखी असेल तर, नसेल तर अख्खी समईच गेली. आणि आरटीओ वेगळा. आमचा आरटीओ म्हणजे लायसनवाला नाही, रिटर्न टू ओरिजिन, कस्टमरने पार्सल घेतलंच नाही किंवा फोन उचलला नाही आणि माल तसाच घरी आला. कॅश ऑन डिलिव्हरीत हे फार. त्यात निदान भांडं न उघडलेलं असतं, पण दोनदा प्रवास झाल्यामुळे बॉक्स असा येतो की जणू त्यावरून कोणी ट्रॅक्टर नेला.

तर वातीच्या त्या प्रकरणानंतर आमच्या घरात नियम झाला, कॅमेरा चालू झाल्याशिवाय रिटर्नला कात्री लागणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिले तीन व्हिडिओ पण वाया गेले. एकात लेबल वाचता येत नव्हतं, एकात मध्येच नवऱ्याचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं, एकात मी आधीच टेप अर्धी सोडवली होती. आता पद्धत अशी बसलीय की मोबाईल स्टँडवर, वरून खाली बघणारा, पार्सल सहाही बाजूंनी फिरवून दाखवायचं, कुरियरच्या लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सल ट्रॅक करायचा नंबर, दोन सेकंद स्थिर धरायचा, टेप कुठे आधीच फाटलीय का ते दाखवायचं, मग कापायचं, आतलं सगळं एकेक बाहेर, आणि भांडं फ्रेममधून एकदाही बाहेर जाऊ द्यायचं नाही. शेजारी किचनचा डिजिटल काटा, त्यावर वजन. आणि एक लोहचुंबक.

लोहचुंबकाची गोष्ट सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही. दिवाळीनंतर एक समई परत आली, कारण 'क्वालिटी चांगली नाही'. बघायला अगदी आमच्यासारखीच, तोच मोर, तीच उंची. मी काट्यावर ठेवली तर ९४० ग्रॅम. आमची दीड किलोची. चुंबक लावला, टक्कन चिकटला. लोखंडी पत्र्यावर पितळी मुलामा. म्हणजे कोणीतरी आमची खरी ठेवून घेतली आणि घरातली किंवा बाजारातली खोटी आम्हाला पाठवली. व्हिडिओ होता, काटा होता, चुंबक होता, तरी क्लेम अडकला, कारण समोरचा माणूस विचारतो की तुम्ही पाठवलेली हीच नव्हती कशावरून? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. मी पाठवताना काय पाठवलं त्याचा पुरावा कुठे होता?

उत्तर अण्णांच्या ट्रंकेत होतं. भांड्यावर नावं घालायचं मशीन. पूर्वी दुकानात भांडं घेतलं की तिथेच नाव घालून द्यायचे ना, कुर्र आवाज करत, 'सप्रेम भेट' आणि तारीख, तेच. मी ते काढलं, सुई बदलून आणली, आणि आता आमच्या प्रत्येक समईच्या, कळशीच्या, घंटेच्या बुडाला आतल्या बाजूने एक छोटा नंबर घातलेला असतो. अण्णाच घालतात, सत्तरी ओलांडली तरी हात हलत नाही. पॅक करताना तो नंबर, काट्यावरचं वजन आणि लेबल एकाच छोट्या व्हिडिओत घ्यायचं, पंधरा-वीस सेकंदांचं काम, आणि फाईलला ऑर्डर नंबरचं नाव द्यायचं. पुढच्या वेळी असाच बदलीचा माल आला तेव्हा दोन्ही व्हिडिओ जोडले, वर चार ओळी लिहिल्या, पाठवलेला नंबर हा, आलेल्यावर नंबरच नाही, वजनात एवढा फरक, चुंबक अमुक सेकंदाला. पैसे मिळाले. चार ओळीच लिहा हं. आधी मी क्लेममध्ये निबंध लिहायचे, आम्ही किती प्रामाणिक, अण्णांची पन्नास वर्षांची पेढी वगैरे, तिकडे तो वाचणारा पोरगा एका तासात तक्रारींची किती तिकिटं निपटवत असेल, त्याला आमच्या पेढीचं काय.

आणि क्लेमची मुदत बघत जा. प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी, आणि ती बदलत राहते, म्हणून आकडा लिहीत नाही. माझे दोन क्लेम निव्वळ रविवार मध्ये आला म्हणून गेलेत. आता रिटर्न आला त्याच दिवशी उघडायचा, लग्नाला जायचं असलं तरी.

हे सगळं वाचून वाटेल की गिऱ्हाईक सगळे चोर. नाही हो. मी एकदा बसून वहीत सहा महिन्यांचे रिटर्न मांडले, आणि खरं सांगते, मान खाली गेली. लबाडी म्हणता येईल असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकी बहुतेक आमच्याच कर्माने.

पहिलं म्हणजे पॅकिंग. समई आम्ही जोडलेली पाठवायचो, उभीच्या उभी, बबल रॅपचे पाच वेढे. पण ओतीव बैठक जड असते आणि दांडी बारीक, बॉक्स पडला की बैठक एकीकडे जायला बघते, वाटी दुसरीकडे, आणि मधली दांडी वाकते किंवा आटे मरतात. वरून बबल रॅप अगदी नवाकोरा. मग आम्ही एक समई पॅक करून जिन्यावरून खाली सोडायला लागलो, कंबरेएवढ्या उंचीवरून, कोपऱ्यावर, कडेवर, सपाट. शेजारच्यांना वाटलं भांडण चाललंय. शेवटी असं ठरलं की भाग सुटे करायचे, बैठक तळाला, वाटी उपडी, आणि दांडी पुठ्ठ्याच्या नळीत. ती नळी कुठून आणायची? लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात, कापडाचा तागा ज्याच्यावर गुंडाळलेला असतो ती, मागितली की देतात, करवतीने कापायची. बॉक्स तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या, ऐवजी पाच प्लायचा घेतला. आणि आधी मोठ्या बॉक्सात भरपूर कागद कोंबायचो ते बंद केलं, कारण कुरियरवाले नुसतं वजन नाही बघत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, असं व्हॉल्युमचं वजन काढतात आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आमच्या जुन्या बॉक्सचं असं वजन साडेतीन किलो निघायचं, आत दीड किलोची समई. नवा ३० बाय २० बाय १५, एक किलो आठशे. सुट्या भागांमुळे बॉक्स लहान झाला, पैसे पण वाचले.

डॅमेज थांबलं. आणि लगेच नवी तक्रार सुरू, 'अर्धीच समई आली'. लोक वरचा थर काढायचे, बैठक आणि वाटी बघायचे, आणि नळी पुठ्ठा समजून कचऱ्यात! एका काकांनी तर 'दांडी नाही, फसवणूक' असा एक स्टार दिला आणि दोन दिवसांनी त्यांच्या सुनेला कचऱ्याच्या पिशवीत दांडी सापडली. स्टार मात्र तसाच राहिला. आता नळीवर लाल स्केचपेनने मोठ्ठं लिहितो, 'दांडी इथे आहे'. हसू नका, या एका ओळीने जेवढे रिटर्न वाचले तेवढे कुठल्याच क्लेमने वाचवले नसतील.

तसंच साइझचं. वेबसाइटवरच्या लिस्टिंगमध्ये चौदा इंच लिहिलेलं असतं पण फोटोत समई एकटी पांढऱ्या पार्श्वभूमीवर, माणसाला ती देवळातली वाटते. मग आम्ही शेजारी नारळ ठेवून फोटो काढला. नारळ सगळ्यांना माहितीये.

आणि तांबं काळं पडतं म्हणून येणाऱ्या तक्रारी. तांब्याला हवा लागते, पाण्याचे डाग पडतात, महिन्याभरात लाल रंग जातो, हा त्याचा स्वभावच आहे. पण ज्याने घरात फक्त स्टील बघितलंय त्याला वाटतं खोटं तांबं दिलं. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आता प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी जाते मराठी-हिंदीत, की हे काळं पडणार, पडलं तर चिंच-मीठ किंवा पितांबरी, पुसून कोरडं ठेवा. चिठ्ठी आली आणि ती तक्रार निम्म्याहून खाली आली. आधीच सांगितलं तर तो स्वभाव, नंतर सांगितलं तर ती सबब, असं आहे सगळं.

कस्टमरशी बोलण्याबद्दल लिहायचं होतं. नागपूरच्या एका गृहस्थांनी कळशी मागवली होती, पोचा आला. मेसेज असा की वाचून कान लाल झाले, 'तुमच्यासारख्या लुटारूंना' पासून सुरुवात. मी तासभर उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, शेवटी फोन बाजूला ठेवून कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्यावर एवढंच लिहिलं, "काका, कळशीला पोचा आला हे वाईटच झालं. बाजूने एक फोटो पाठवता का, म्हणजे बदली लगेच पाठवते." त्यावर त्यांचा मेसेज, मुलीच्या लग्नात द्यायची होती हो ताई, म्हणून डोकं फिरलं. आता वर्षातून एकदा तरी काहीतरी मागवतात. पण सगळेच असे निघत नाहीत. एकाने ताट परत केलं 'डिफेक्टिव्ह' म्हणून, आणि ताटावर सुंदर अक्षरात नाव घातलेलं, 'विवाहानिमित्त सप्रेम भेट', आणि खाली तारीख चुकीची. म्हणजे त्याने त्याच्या गावात नाव घालून घेतलं, तिथे तारीख चुकली, आणि डिफेक्ट आमचा! हा क्लेम मात्र लगेच पास झाला, ताट बघून तिकडचा पोरगाही हसला असेल.

एक गोष्ट कधी करायची नाही, एक स्टार आला म्हणून मावसबहिणीला सांगून पाच स्टार टाकायला लावणं. आमच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर हे सर्रास सुचवतात. २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला सरळ बंदी आहे. तेच नियम सांगतात की वस्तू सदोष, नकली, वर्णनाप्रमाणे नसलेली किंवा दिलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचलेली असेल तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, पूर-बिर आला असेल तर उशिराची गोष्ट वेगळी. म्हणजे 'नो रिटर्न' लिहून सुटका नाही. आणि विक्रेत्याने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तर आमच्या घरात ग्रीव्हन्स ऑफिसर मी, अपील सासूबाईंकडे. थट्टा सोडा, ४८ तास खरंच पाळा, कारण माणूस १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, बहुतेक वेळा पोचा आला म्हणून फोन करत नाही, उत्तर आलं नाही म्हणून करतो. आणि ग्राहक त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस टाकू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. गोंदियाला तारखेला जायचं का १,७४९ च्या समईसाठी, विचार करा.

हिशेबाचं एकच सांगते, कारण त्यात मी आपटलेय. मार्चमध्ये विकलेला माल एप्रिलमध्ये परत येतो, त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, करायची राहते, आणि आपण न झालेल्या विक्रीवर जीएसटी भरून बसतो. पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती जीएसटी रिटर्नमध्ये दाखवता येते. प्लॅटफॉर्म आपल्या विक्रीच्या पैशांतून जो टीसीएस नावाचा कर आधीच कापतो, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, तो पण परत आलेला माल वजा करून राहिलेल्या विक्रीवर असतो, तेव्हा त्यांचा रिपोर्ट आणि आपली वही दर महिन्याला लावून बघा. आमचे सीए म्हणतात की रिटर्न या शब्दाचे तुमच्याकडे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही तुम्ही उशिरा उघडता.

हे लिहायला बसले त्याला कारण परवाचं. एक पूजेची घंटा परत आली, गरुडाची मूठवाली. कारण लिहिलेलं, 'आवाज बरोबर नाही'. मला वाटलं झालं, पूजा आटोपली वाटतं. कॅमेरा लावला. सील ठीक, वजन तंतोतंत, आतला नंबर आमचाच, चुंबक चिकटत नाही, कुठे चरा नाही, कुंकू नाही, काही नाही. मी मनातल्या मनात क्लेमच्या चार ओळी लिहायला पण घेतल्या, वस्तू निर्दोष, कारण खोटं. अण्णा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी हात पुढे केला, घंटा घेतली, एकदा वाजवली, कानाजवळ नेली, अजून एकदा वाजवली.

"बद्द आहे," म्हणाले. "चीर असणार आत, ओतताना राहिलेली."

टॉर्च मारून बघितलं तर काठाजवळ केसाएवढी रेघ, कॅमेऱ्यात दिसणारच नव्हती. त्या बाईंना लगेच माफीचा मेसेज केला, रिफंड सोडला, आणि मग त्याच लॉटमधल्या उरलेल्या चौदा घंटा हॉलमध्ये ओळीने मांडून अण्णांनी एकेक वाजवायला घेतली. तीन बद्द निघाल्या. अकराव्या घंटेला खालच्या काकू वर आल्या, आज कसली आरती आहे म्हणून विचारायला.